दोन दातांमधील हिरडी

आरशापुढे उभे राहून ओठ बाजूस सारला, तर दोन दातांच्या मधल्या जागेत हिरडीचे एक गुलाबी, निमुळते टोक शिरलेले दिसते. दंतवैद्य त्यास ‘पॅपिला’ म्हणतात. हे टोक झिजले म्हणजे तेथे काळी त्रिकोणी फट पडते. तीत अन्नाचे कण अडकतात, बोलताना वारा निसटतो आणि माणूस हसताना तोंडावर हात धरू लागतो. आम्हां शिक्षकांना तर मुलांकडून ‘स’ आणि ‘श’ स्पष्ट वदवून घ्यावयाचे असतात!

ही झीज पुष्कळदा पायोरियामुळे होते. बाभळीची काडी असो, मिसवाक असो वा ब्रश असो, आडवा जोर लावून घासल्यानेही हिरडीस इजा होते. परंतु मुख्य गोष्ट अशी, की या टोकाचा आधार खालचे हाड होय. टार्नो व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९२ साली मोजमाप प्रसिद्ध केले. दोन दात जेथे एकमेकांस टेकतात तेथपासून हाडापर्यंतचे अंतर ५ मिलीमीटर किंवा कमी असेल, तर फट जवळजवळ नेहमीच हिरडीने भरलेली आढळली. ६ मिलीमीटरवर हे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक राहिले आणि ७ मिलीमीटरवर सुमारे चौथाईवर आले. एका मिलीमीटरचा हा प्रताप!

गेलेले टोक पुन्हा उभे करण्यासाठी शस्त्रक्रिया करतात. जागा बधिर करून हिरडी बारीक छेदाने सैल करतात. टाळूच्या आतल्या थरातून छोटा तुकडा काढून तिच्याखाली सरकवतात, हिरडी दाताच्या कडेकडे ओढतात आणि नाजूक टाके घालतात. एका परीने हे कलमच होय. आंब्याच्या कलमास ओल लागते, तसे यास रक्त लागते. आणि या चिंचोळ्या जागेत रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो. म्हणून निकालाची हमी कोणी देऊ नये, आणि दिली तर आपण सावध व्हावे असे आम्हांस वाटते. विडी व मिशरी यांमुळे जखम भरणे आणखी अवघड होते.

कधी शस्त्रक्रियेवाचूनही भागते. तारेने दात जवळ आणल्यास किंवा दातांच्या रंगाचे सिमेंट लावून टेकण्याची जागा हिरडीच्या दिशेने वाढविल्यास तेच अंतर दुसऱ्या टोकाने कमी होते.

संमती देण्यापूर्वी हाडापर्यंतचे अंतर किती आहे आणि पायोरिया थांबला आहे काय, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे. नंतर काही आठवडे त्या जागी ब्रश लावता येत नाही. औषधी पाण्याने चूळ भरावी लागते. फट कितपत भरली ते कळण्यास काही महिने जातात.