सशाचे काय पैसे घ्यायचे?

गेल्या महिन्यात आमच्या पेठेतल्या डॉक्टरांनी जनावरांचा दवाखाना बंद केला. गुडघे कुरकुरायला लागले होते, गाळ्याचं भाडं झेपेना. तिथे आता प्राण्यांचा ‘स्पा’ येतोय म्हणे. येवो बापडा. पण त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका मुलीचा ससा खाईना. रात्री गवताला तोंड लावलं नाही, सकाळी पिंजऱ्यात एक लेंडी नाही. तिच्या वडिलांनी फोन फिरवले. एक म्हणाला, आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. दुसऱ्याने परवाची वेळ दिली. तिसऱ्याकडे एका बाईंनी गोड आवाजात विचारलं, “ससा ना? म्हणजे एक्झॉटिक. ते सर गुरुवारी येतात.” ससा गुरुवारपर्यंत थांबला नाही.

मला याचा राग आला, कारण याच शहरात असा ससा वाचवता येत होता, आणि तो कसा वाचवतात हे मी जवळून पाहिलं आहे.

ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. नव्वदच्या दशकाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १९९५ साली कार्टून नेटवर्क आपल्याकडे आलं आणि १९४०पासून गाजर चघळणारा बग्ज बनी घरोघरी पोचला. मुलांनी हट्ट धरला, वडिलांनी क्रॉफर्ड मार्केटमधून बुटाच्या खोक्यात ससा आणला. त्याला गाजर, कोबी, पोळी, मारी बिस्किट असं सगळं घालण्यात आलं. काही महिन्यांत ससा गेला की थंडी बाधली, मांजराला घाबरला, नजर लागली, असं काहीबाही सांगून खोकं टाकून दिलं जाई. सशावर छापील मजकूर मिळे तो मांस आणि लोकर यांच्या हिशोबाचा. घरातला आजारी ससा कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

सशांचं खरं दशक पुढचं, साधारण २००५ ते २०१५. अमेरिकेत हाउस रॅबिट सोसायटी १९८८पासून घरातल्या सशांबद्दल लिहीत होती. ती माहिती आता आपल्याकडे सायबर कॅफेतून छापून घेता येऊ लागली. आमच्यासारख्या ससे पाळणाऱ्यांपैकी कुणीतरी असे कागद आमच्या पेठेतल्या त्याच डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवले. ते आयुष्यभर गायी-म्हशी आणि कुत्री बघत आलेले. पण त्यांनी ते कागद पेन्सिलीने खुणा करत वाचून काढले, आणि पुढच्या वेळी ससा आला तेव्हा आधी त्याच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला. “गुडगुड ऐकू यायला हवी,” म्हणाले. “पोट शांत असलं तर आपण शांत बसायचं नाही.”

त्यांच्याकडूनच आम्ही शिकलो की ससा हा पोटावर चालणारा प्राणी आहे. त्याच्या पोटातली सगळ्यांत मोठी पिशवी म्हणजे आंधळं आतडं. तिथे जिवाणू चारा आंबवतात, त्यातून मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या तयार होतात आणि ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन परत खातो. कोरड्या लेंड्या वेगळ्या, दिवसाला दोनशे-तीनशे. हे यंत्र चालतं ते लांब धाग्याच्या गवतावर. दातही वर्षाला १०-१२ सेंटिमीटर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. गवत कमी झालं, दाताचं टोक गालात रुतलं, भीती बसली किंवा उन्हाळा सोसला नाही की ससा खाणं सोडतो. खाणं सुटलं की आतडं मंदावतं, गॅस धरतो, दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. सशाला उलटी करता येत नाही. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर सकाळची वाट बघायची नसते.

या दशकातले काही हिशोब अजून चुकते व्हायचेत. पहिला दुकानदारांशी. “सशाला पाणी देऊ नका, मरतो,” हे वाक्य मी इतक्या गल्ल्यांवर ऐकलंय की ते दुकानाच्या परवान्यावरच छापलेलं असावं. पाणी तोडलं की आतड्यातला चारा सुकून घट्ट होतो. ससा मरतो तो त्याने. दुसरा, अननसाचा रस पाजणाऱ्या पंडितांशी. सशाच्या पोटात केसांचा गोळा होतो आणि अननस तो विरघळवतो, असं जुन्या पुस्तकांत असे. निरोगी सशाच्या पोटातही केस असतातच. आतडं थांबून पाणी शोषलं गेलं की त्यांचा गोळा होतो. म्हणजे गोळा हा परिणाम होता आणि पंडित इलाज करत होते कारण समजून. अननसाने केस विरघळत नाहीत, साखर मात्र पोटात जाते. तिसरा हिशोब सगळ्यांत कडू. कुत्र्याला चालतं म्हणून सशाला तोंडाने पेनिसिलिनच्या कुळातलं अमॉक्सिसिलिन लिहून देणारे होते. त्याने सशाच्या पोटातले चांगले जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि दोन-चार दिवसांत ससा जातो. आमच्या डॉक्टरांनी त्यांच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलं होतं: ‘सशाला पेनिसिलिन तोंडाने नाही.’ शेजारच्या औषधवाल्यालाही ते पाठ झालं होतं.

मग आमचे डॉक्टर काय करत? आधी पोट चाचपत. पोट नगाऱ्यासारखं टणक असलं तर भरवायचं नाही, एक्स-रे काढायचा. वाट कुठे अडली असेल तर आतडं हलवणारं औषध घातक. तसं नसेल तर कातडीखाली कोमट सलाईन, दुखणं थांबवायला मेलॉक्सिकॅम, आणि ऊब. निरोगी सशाचं अंग साडेअडतीस ते चाळीस अंशांत असतं. ते अडतीसच्या खाली गेलं की डॉक्टरांची बडबड थांबायची. नंतरचं काम घरच्यांचं. विदेशी तयार पावडर तेव्हा सहज मिळत नसे. मग गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरमधून काढून, चहाच्या गाळणीने गाळायचं. ससा टॉवेलात गुंडाळायचा, कान बाहेर. बिनसुईची सिरिंज पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून, गालाच्या बाजूने. समोरून सरळ नाही, ठसका लागतो. थेंब-थेंब घालायचं, तो चघळतोय का बघायचं, थांबायचं, पुन्हा घालायचं. दर दोन-तीन तासांनी हेच, रात्रभर. रात्री कधीही फोन केला तरी डॉक्टर उचलत आणि एकच विचारत: “लेंडी पडली का?” पहाटे फरशीवर मोहरीएवढी, वेडीवाकडी पहिली लेंडी दिसली की आमच्या घरात पेढे वाटायचंच काय ते बाकी राहायचं.

फीचा विषय निघाला की ते हात झटकत. “सशाचे काय पैसे घ्यायचे?”

नंतर दुकानं सजली. टिमोथी गवत समुद्र ओलांडून पाकिटातून आलं, भरवायची पावडर एका बटणावर घरी येऊ लागली. चांगलंच झालं. पण त्याच फळीवर रंगीत तुकडे, सुकी फळं आणि मका घातलेलं खाद्यही आलं. ससा त्यातलं गोड तेवढं वेचतो आणि गवत सोडतो. आमचे लोक गच्चीवरची हरळी उन्हात वाळवून घालत. आता सशाचा वाढदिवस केक कापून होतो आणि त्याचं चित्रीकरण होतं. पेट शॉपचे नियम २०१८मध्ये आले, दुकानाला नोंदणी सक्तीची झाली. आठवडी बाजारात पिंजऱ्यावर पिंजरा रचून ससे विकणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. सशाच्या नावावर विकता येईल ते सगळं आज शहरात मिळतं. रात्री त्याच्या पोटाला कान लावणारा डॉक्टर तेवढा मिळत नाही.

याचा दोष मी नव्या डॉक्टरांना द्यायला निघाले होते, पण जुन्यांचा जमाखर्च आठवला. सलाईन, तपासणी आणि रात्रीचे फोन धरून त्यांची सशाची फी शेवटपर्यंत एका नारळाच्या भावात होती. आम्ही त्याला माणुसकी म्हणत राहिलो आणि त्या माणुसकीवर गाळ्याचं भाडं निघत नव्हतं. तरुण डॉक्टर हे बघूनच कुत्र्यांकडे वळले, त्यांचं काय चुकलं?

तेव्हा शहरातल्या ससेवाल्यांना माझं सांगणं आहे. वाढदिवसाचा केक बंद करा आणि ते पैसे एकत्र करा. सशांचं शिक्षण घेतलेला एखादा तरुण डॉक्टर गाठा, त्याच्या रात्री वाटून घ्या, आणि ससा आजारी असो वा नसो, त्याला दरमहा मानधन द्या. आमच्या काळी हे सगळं फुकट व्हायचं, हे मला कुणी सांगायला नको. फुकट व्हायचं म्हणूनच ते टिकलं नाही.