किल्ली कोणाकोणाकडे आहे?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. तालुक्याच्या बाजाराला निघालो तेव्हा सौभाग्यवतींनी दोन किल्ल्या हातावर ठेवल्या. एक आमच्या कोठीच्या कुलपाची आणि दुसरी पुतण्याच्या पुण्यातल्या नव्या घराची. तो नोकरीनिमित्त तिकडे राहतो आणि अडीअडचणीला असावी म्हणून घराची एक किल्ली आमच्याकडे ठेवतो. "दोन्हींची एकेक जोड करून आणा," असे सांगणे होते.

बाजारात पाराजवळ किल्लीवाला बसतो. कोठीची किल्ली त्याने पाहिली, तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्यांतून एक काढली, यंत्रावर धरली, कानशीचे दोन हात मारले आणि माझा चहा संपायच्या आत नवी किल्ली तयार केली. दुसरी किल्ली मात्र त्याने उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

"काका, ही जमायची नाही."

"का बरं? चार पैसे जास्त घे."

"पैशाचं नाही हो. हिची कोरी किल्ली आम्हाला मिळतच नाही. कुलपाबरोबर एक कार्ड आलं असेल. ते कार्ड घेऊन मालकानं स्वतः कंपनीच्या दुकानात जायचं. तिथंच होईल."

मी जरा चिडलोच. साधी किल्ली ती काय आणि एवढा थाट कशाला! पण एस.टी.त बसल्यावर विचार उलटा फिरला. जो माणूस मला 'नाही' म्हणाला त्याच्यावर मी रागावलो. पण ज्या किल्लीला तो लगेच 'हो' म्हणाला, तिचे काय? त्याने माझे नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, कुलूप कोणाचे तेही विचारले नाही. त्या कुलपाआड आमचे सोयाबीन, पुढच्या पेरणीचे बियाणे आणि फवारणीचे पंप आहेत. उद्या तीच किल्ली घेऊन दुसरा कोणी गेला तर त्यालाही चहा संपायच्या आत नवी किल्ली मिळणार होती.

घरी आल्यावर हिशेब मांडला. या कुलपाच्या आजवर किती किल्ल्या केल्या? नवी सोडून चार. एक सौभाग्यवतींच्या जुडग्यात, एक थोरल्या मुलाकडे, एक देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला. चौथी कुठे गेली ते कोणालाच सांगता येईना. दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या सालगड्याचे नाव एकाने घेतले. पुरावा काही नव्हता. बिचाऱ्याने सहा वर्षे इमानाने काम केले होते.

कुलपाच्या पोटात काय असते?

आपल्याकडे जी जाड पितळी किंवा लोखंडी टांगती कुलपे वापरतात त्यांच्या आत पातळ पात्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. किल्लीचे दात या पात्या उचलतात. प्रत्येक पाती ठरल्या उंचीलाच आली पाहिजे; कमी नको आणि जास्तही नको. सगळ्या एका वेळी जुळल्या की दांडा सुटतो. ही युक्ती इंग्लंडातल्या रॉबर्ट बॅरन याने 1778 साली काढली. कुलपावर 6 लिव्हर, 7 लिव्हर असे जे लिहिलेले असते ते या पात्यांचे मोजमाप. पात्या जितक्या जास्त तितके भलत्या किल्लीने कुलूप उघडणे अवघड.

चपट्या, करवतीसारख्या किल्लीच्या कुलपात पात्यांऐवजी छोटे खिळे असतात. प्रत्येक खिळ्याचे दोन तुकडे असतात आणि वर स्प्रिंग असते. योग्य किल्ली घातली की सगळे जोड एका रेषेत येतात व आतली नळी फिरते. समजा, असे 5 खिळे आहेत आणि प्रत्येकाच्या 6 उंच्या होऊ शकतात. तर हिशेबाने 7,776 वेगवेगळ्या किल्ल्या निघतात. पण स्वस्त कुलपे बनवणारे एवढी मेहनत घेत नाहीत. मोजकेच नमुने फिरवून फिरवून वापरतात. त्यामुळे कधी कधी शेजाऱ्याची किल्ली आपल्या कुलपाला लागते. म्हणून कुलूप घेताना दुकानदाराकडून त्याच जातीची चार-पाच कुलपे मागून घ्यावीत आणि त्यांच्या किल्ल्या आपल्या कुलपात फिरवून पाहाव्यात.

ती किल्ली का होत नाही?

पुतण्याच्या दाराला होते ते राखीव किल्लीचे कुलूप. त्याच्या किल्लीला वरच्या कडेला दात नसतात; सपाट बाजूंवर लहानमोठे खळगे असतात. ते पाडायला वेगळे यंत्र लागते. पण खरी अडचण यंत्राची नाही, कोऱ्या किल्लीची आहे. किल्लीच्या आकाराचे पेटंट कंपनीकडे असते. कोऱ्या किल्ल्या ती ठरावीक विक्रेत्यांनाच देते आणि ते विक्रेते कार्ड व सही पाहिल्याशिवाय जोड करून देत नाहीत.

याचा अर्थ ती किल्ली कधीच होणार नाही असा नाही. आपल्या देशात पेटंट 20 वर्षांचे असते. ते संपले की तसली कोरी किल्ली कोणीही बनवू शकतो. तसेच काही किल्ल्यांवर 'नक्कल करू नये' असे इंग्रजीत कोरलेले असते, पण त्याला भुलू नका. कोरी किल्ली बाजारात मिळत असेल तर ती अक्षरे कोणाचा हात धरत नाहीत.

या कुलपाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. कार्ड हरवले आणि किल्ल्याही हरवल्या, तर खुद्द मालकच बाहेर राहतो. म्हणून कार्ड किल्लीच्या जुडग्यात ठेवू नये आणि त्याच घराच्या कपाटातही ठेवू नये.

मग अशी महागडी कुलपे खेड्यात घ्यावीत काय? कोठीला आणि मोटारीच्या खोलीला त्यांची गरज नाही. चांगल्या पात्यांचे टांगते कुलूप पुरते. मात्र राखीव किल्लीमुळे जे काम कंपनी करते, म्हणजे किल्ल्या किती आणि कोणाकडे याची मोजदाद, ते काम साध्या कुलपाच्या बाबतीत आपण स्वतः करायचे असते. आमच्या घरी नेमके तेच राहिले होते.

बँकेच्या लॉकरचा धडा

ही मोजदाद कशी असावी हे बँकेच्या लॉकरवरून शिकावे. तिथे एक किल्ली बँकेची आणि एक आपली. दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. आपली किल्ली हरवली तर बँक जोड करून देत नाही. कारागीर बोलावून लॉकर फोडावे लागते, कुलूप बदलावे लागते आणि तो सगळा खर्च आपल्यावर पडतो.

रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2021 रोजी लॉकरचे नवे नियम काढले व ते 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. लॉकर उघडले की त्याच दिवशी खातेदाराला मोबाइलवर संदेश आला पाहिजे, असे त्यांत आहे. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या नोकराची लबाडी यांमुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत धरली आहे. म्हणून आपला मोबाइल नंबर बँकेत बरोबर नोंदवलेला आहे ना, हे माय-बहिणींनी एकदा जाऊन पाहावे. लॉकरला वारसाचे नाव लावले आहे की नाही, तेही त्याच वेळी विचारावे.

ट्रॅक्टर आणि मोटारसायकल

जुन्या कित्येक ट्रॅक्टरांना एकाच साच्याची किल्ली चालते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. वेळेला ते सोयीचे वाटते. पण आपल्याला जी सोय तीच चोरालाही. असा ट्रॅक्टर रात्री किल्लीच्या भरवशावर उघड्यावर सोडू नये. बॅटरीची तार तोडणारा वेगळा स्विच बसवून घ्यावा किंवा साखळी-कुलूप घालावे.

विमा असलेल्या गाडीची किल्ली हरवली तर ती गोष्ट दडवू नका. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक नसेल तर दावा अडतो. किल्ली हरवली त्याच वेळी पोलिसांत नोंद करून कंपनीला कळवलेले असेल तर पुढे आपली बाजू मांडता येते.

घरात एवढे करा

कुलूप कितीही भारी असो, कोयंडा लाकडी स्क्रूने बसवला असेल तर चोर कुलपाला हातही लावत नाही, कोयंडाच उपटतो. म्हणून कोयंडा आरपार बोल्टाने बसवा आणि नट दाराच्या आतून आवळा.

नव्या किल्लीला बारीक पत्र्याचा बिल्ला असतो किंवा किल्लीवरच नंबर असतो. काही कुलपांची किल्ली नुसत्या त्या नंबरावरून करता येते. नंबर वहीत लिहून ठेवा आणि बिल्ला काढून घ्या.

किल्लीला नाव-पत्त्याची चिठ्ठी बांधू नका. हरवली तर सापडणाऱ्याला घरच दाखवल्यासारखे होते.

गृहप्रवेशाला नवी किल्ली हातात धरून फोटो काढतात आणि मोबाइलवरून सगळ्यांना धाडतात. 2008 साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी नुसत्या फोटोवरून किल्लीचे दात मोजून तशीच किल्ली करता येते हे दाखवून दिले. फोटो जरूर काढा, पण किल्ली मुठीत झाका.

उंबऱ्याशेजारचा दगड, तुळशीवृंदावनाची देवळी, दाराच्या चौकटीचा माथा या जागा आपल्याआधी चोराला माहीत असतात. किल्ली ठेवायचीच तर शेजारच्या घरी माणसाच्या हातात द्या.

जुने घर विकत घेतले, भाडेकरू बदलला किंवा एक किल्ली बेपत्ता झाली, तर त्याच दिवशी कुलूप बदला. 'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण आपल्याच बापजाद्यांनी दाराचा अनुभव घेऊन केली आहे.

शेवटी, एका वहीत प्रत्येक कुलपापुढे किल्ल्या किती आणि कोणाकडे हे लिहून ठेवा. दर पाडव्याला ती वही उघडून किल्ल्या मोजा.

आमच्या कोठीला मी दुसऱ्याच दिवशी नवे कुलूप आणले. नव्या केलेल्या किल्लीचे पैसे वाया गेले म्हणून मुलगा हसला. पुढे उन्हाळ्यात गव्हाची कणगी रिकामी केली तेव्हा तळाशी ती चौथी किल्ली सापडली. धान्य काढताना कोणाच्या तरी हातातून पडली असावी. सालगड्याचे नाव ज्याने घेतले होते तो मान खाली घालून बसला. सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे जुनं कुलूप चांगलंच होतं. उगाच बदललं."

मी म्हटले, "कुलूप चांगलं होतं, पण आपल्याला खात्री नव्हती. आणखी वर्षभर तसंच ठेवलं असतं, तर कोठीतलं एक पोतं कमी भरलं तरी आपण त्या बिचाऱ्याकडेच बोट दाखवलं असतं."

संक्रांतीला तो तिळगूळ द्यायला आला होता. त्याच्याशी डोळ्याला डोळा लावून बोलता आले, ते कुलूप वेळेवर बदलले होते म्हणून.