वीज गेल्यावर इंटरनेट चालू ठेवणारी घरगुती बॅटरी

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी वीजवहन यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई आणि परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. कोरोनाच्या त्या काळात कार्यालये आणि परीक्षा घराघरांतून चालत होत्या, त्यांनाही याचा फटका बसला. लॅपटॉप आणि मोबाइल यांना स्वतःची बॅटरी असते. भिंतीवरच्या इंटरनेटच्या उपकरणाला सहसा ती नसते, आणि ते विझले की बाकी सारे असून नसल्यासारखे होते.

तांब्याच्या तारेवरील जुन्या दूरध्वनीची स्थिती निराळी होती. त्याला लागणारी वीज दूरध्वनी केंद्रातील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून त्याच तारेने घरापर्यंत येई. म्हणूनच घरात अंधार असला तरी फोन वाजत असे. ऑप्टिकल फायबर काचेचा असतो. त्यातून प्रकाश वाहतो, वीज नाही. फायबर आल्यावर उपकरणाला वीज पुरवण्याची जबाबदारी ग्राहकाच्या घरात आली, हे फारसे कोणी सांगितले नाही. ज्या घरात मोबाइलचा सिग्नल क्षीण असतो आणि वाय-फायवरूनच बोलावे लागते, तिथे वीज जाताच ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी संपर्क साधणेही अवघड होऊ शकते.

समाधानाची बाब अशी की, या उपकरणांची भूक अगदी अल्प असते. फायबर ज्याला जोडलेली असते ते ओएनटी आणि वाय-फाय राउटर ही दोन्ही उपकरणे बहुधा १२ व्होल्टच्या डीसी विजेवर चालतात. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे लिहिलेले असते, पण ती कमाल क्षमता होय. प्रत्यक्ष वापर पुष्कळदा त्याच्या निम्म्याहून कमी असतो. दोन्ही मिळून सुमारे १० वॅट धरले, तर हिशेब बहुतेक घरांना लागू पडतो.

एवढ्यासाठी घरचा इन्व्हर्टर वापरणे म्हणजे द्राविडी प्राणायाम आहे. बॅटरीतील १२ व्होल्ट डीसीचे २३० व्होल्ट एसी करायचे, आणि अडॅप्टरने त्याचे पुन्हा १२ व्होल्ट डीसी करायचे. प्रत्येक रूपांतरात ऊर्जा वाया जाते, शिवाय इन्व्हर्टर स्वतःही काही वॅट खातो. वीज जाण्याच्या क्षणी पुरवठा बदलण्यास विलंब झाला तर राउटर पुन्हा सुरू होतो आणि जोडणी परत मिळेपर्यंत काही मिनिटे जातात. परीक्षार्थीला ती मिनिटे महाग पडतात.

मात्र खर्च करण्यापूर्वी एक चाचणी आवश्यक आहे. पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरवर किंवा अन्य सोयीने उपकरण चालू करून त्याचे दिवे पाहावेत. एलओएस हा दिवा लाल झाला, तर पलीकडून प्रकाश येत नाही असे समजावे. फायबर थेट सेवादात्याच्या केंद्रापर्यंत जात असेल तर वाटेतील विभाजकाला वीज लागत नाही आणि केंद्रात बहुधा बॅटरी वा जनरेटर असतो. परंतु इमारतीच्या जिन्यात स्थानिक केबलचालकाचा विजेवर चालणारा स्विच बसवलेला असेल, तर घरातली कितीही मोठी बॅटरी निरुपयोगी ठरते. अशा वेळी त्या स्विचच्या बॅटरीसाठी सोसायटीने केबलचालकाकडे आग्रह धरणे अधिक शहाणपणाचे.

चाचणी अनुकूल ठरल्यास रचना सोपी आहे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तीच, सुमारे दोन किलो वजनाची. तिच्यासाठीचा, १३.५ ते १३.८ व्होल्टवर स्थिर राहणारा तयार चार्जर. त्याची क्षमता बॅटरी भरण्यास आणि उपकरणे चालवण्यास एकाच वेळी पुरावी; ३ अँपिअर योग्य. २३० व्होल्टच्या बाजूला हात न लावणे, हा घरगुती कारागिराचा पहिला नियम असावा. चार्जर, बॅटरी आणि उपकरणे सदैव जोडलेलीच राहतात. त्यामुळे वीज गेल्यावर काहीही बदलावे लागत नाही आणि क्षणाचाही खंड पडत नाही.

बॅटरीचा दाब भरताना १३.८, तर उतरताना ११ व्होल्टपर्यंत हलतो. काही राउटर ते सहन करतात, सगळे करतीलच असे नाही. म्हणून बॅटरी आणि उपकरणे यांच्यामध्ये दाब कमी-जास्त करून तो नेमका १२ व्होल्ट ठेवणारे बक-बूस्ट मॉड्यूल बसवावे. राउटर ९ व्होल्टचा असल्यास त्याला निराळे मॉड्यूल लागेल. पिन जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने दाब आणि धन-ऋण बाजू तपासाव्यात. उलटी जोडणी राउटरला क्षणात जाळू शकते.

या बॅटरीत नाममात्र ८४ वॅट-तास ऊर्जा असते. तिचे आयुष्य टिकावे यासाठी निम्मीच वापरावी आणि रूपांतरातील घट वजा करावी. १० वॅटच्या भारावर तीन ते साडेतीन तास मिळतात. बाजारातील तयार पेट्यांवरील मोठ्या आकड्यांकडेही याच दृष्टीने पाहावे. १०,४०० मिलिअँपिअर-तास हा आकडा अनेकदा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. १२ व्होल्टवर तो जेमतेम ३,२०० भरतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी आणि दीर्घायुषी असते, पण तिला तिच्याच जातीचा चार्जर आणि ‘बीएमएस’ हे रक्षक सर्किट लागते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियम-आयन सेल जोडून अशी पेटी बनवण्याचा मोह मात्र टाळावा. त्यांची अवस्था बाहेरून कळत नाही, आणि रात्रंदिवस चार्जवर राहणाऱ्या वस्तूने घरात पेट घेणे परवडणारे नाही.

१२ व्होल्टचा धक्का बसत नाही, म्हणून निष्काळजी होणेही धोक्याचे. दोन टोके चुकून एकमेकांना भिडली तर छोट्या बॅटरीतूनही प्रचंड प्रवाह वाहतो आणि तार लालबुंद होते. धन टोकाच्या अगदी जवळ ३ ते ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. दाब ११.५ व्होल्टखाली जाताच भार तोडणारे मॉड्यूल बसवल्यास बॅटरी पूर्ण रिती होत नाही. पेटी हवेशीर जागी ठेवावी. तापमान २५ अंशांवर दर १० अंशांनी वाढले की लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. माळ्यावर वा खिडकीच्या उन्हात ती फार काळ टिकत नाही. निकामी झाल्यावर ती कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. आतले शिसे विषारी असते, आणि बॅटरी कचऱ्यासंबंधीच्या २०२२च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.