मांजर, वाळू आणि सोलापूरची काळी माती

सोलापुरातील एखाद्या जुन्या वाड्यात मांजर असेल तर त्याच्या शौचाचा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. परसातील माती किंवा बांधकामासाठी टाकलेला वाळूचा ढीग पाहून ते आपली सोय करून घेते. तेच मांजर तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत आले की अडचण सुरू होते. तिथे खाली फरशी असते, दार बंद असते आणि माती तर कोठेच नसते. मग एके दिवशी पलंगावरची चादर ओली सापडते आणि घरातील मोठी माणसे म्हणतात, "पोत्यात घालून लांब सोडून या त्याला!"

ही शिक्षा देण्यापूर्वी आपण एक प्रश्न विचारू या. चूक मांजराची, की आपली?

मांजर हे शिकते कोठून?

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, कोठारात धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे हे रानमांजर आले. ही गोष्ट सुमारे 10,000 वर्षांपूर्वीची. हा प्राणी कोरड्या प्रदेशातला असल्यामुळे शरीरातील पाणी राखणे त्याला भाग होते. म्हणून मांजराची मूत्रपिंडे पाणी परत शोषून घेण्यात पटाईत असतात. त्याचे मूत्र माणसाच्या मूत्रापेक्षा दुपटीहून अधिक संहत होऊ शकते. त्यातील यूरियाचे जीवाणू विघटन करतात, तेव्हा अमोनिया वायू सुटतो. मांजराच्या मूत्राचा वास उग्र का, याचे एक कारण हे आहे.

मोकळी माती उकरून मलमूत्र झाकणे ही मांजराची सहजप्रेरणा आहे. पिल्लू पहिले सुमारे तीन आठवडे आईने चाटल्याशिवाय मलमूत्र विसर्जन करू शकत नाही. चौथ्या आठवड्याच्या सुमारास मात्र ते भुसभुशीत जागा शोधून पंजाने उकरू लागते. आईने दाखवले नाही तरीही ते हे करते. म्हणजे शिकवण्याचे काम निसर्गाने आधीच केलेले आहे. आपण फक्त योग्य जागी योग्य 'जमीन' पुरवायची.

घमेल्यात काय घालावे?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात 1947 सालच्या हिवाळ्यात एका बाईंच्या घरची वाळू थंडीने गोठली. त्यांनी मांजरासाठी राख वापरून पाहिली, तर घरभर पावलांचे काळे ठसे उमटले. एडवर्ड लो या तरुणाकडे, सांडलेले तेल टिपण्यासाठी कारखान्यांत वापरतात ती दाणेदार माती होती. ती त्याने बाईंना दिली आणि मांजरांसाठी माती विकण्याच्या धंद्याला सुरुवात झाली. लोकरीतील तेलकटपणा काढायला पूर्वी हीच माती वापरत. आपल्याकडची मुलतानी माती त्याच प्रकारातली.

पुढे 1980 च्या दशकात बेंटोनाइट माती या कामी आली. तिच्यात मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असते. त्याचे सूक्ष्म थर एकावर एक रचलेले असतात. थरांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि ओला भाग गोळा बनतो. तेवढा गोळा उचलून टाकला की काम झाले.

हे वाचून सोलापूरकरांना आपली काळी माती आठवेल. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचा बेसाल्ट खडक झाला, आणि तो झिजून ही माती तयार झाली. तिच्यातही याच कुळातील खनिजे आहेत. म्हणूनच ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. दोन वाट्यांत कोरडी काळी माती व वाळू घेऊन प्रत्येकीत चमचाभर पाणी ओता. मातीचा गोळा होईल, तर वाळूतून पाणी तळाशी उतरेल. परंतु शेतातली माती घरात वापरू नका. ती पंजांना चिकटते, आणि तिच्यात जंतांची अंडी असू शकतात. चाळून कडक उन्हात वाळवलेली बारीक वाळू घरच्यासाठी पुरेशी आहे.

सवय कशी लावावी?

पसरट घमेल्यात दोन-तीन इंच वाळू भरा. ते शांत कोपऱ्यात, जेवणाच्या ताटलीपासून दूर ठेवा. पिल्लाला जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर त्यात अलगद सोडा. घरात जितकी मांजरे, त्यापेक्षा एक घमेले जास्त असावे. चूक झाली तर मारू नका, त्याचे नाक जमिनीवर घासू नका. शिक्षेचा संबंध त्याला कळत नाही. ते फक्त तुम्हाला घाबरू लागते. चुकलेली जागा साबणाने धुऊन काढा, कारण राहिलेला वास त्याला पुन्हा तिथेच बोलावतो. फिनेल मात्र टाळा. फिनॉलसारखे पदार्थ निर्विष करणारे विकर मांजराच्या यकृतात फार कमी असते आणि पंजे चाटताना ते विष पोटात जाते.

विष्ठा रोज काढा. काही मांजरांच्या विष्ठेत टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी असतो. तो बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतो. रोजच्या सफाईने हा धोका बराच टळतो. नंतर हात साबणाने धुवा. गरोदर स्त्रीने हे काम करू नये.

हट्ट की आजार?

सवय लागलेले मांजर अचानक घमेले टाळू लागले, तर आधी वाळू स्वच्छ आहे का, जागा बदलली का ते पाहा. आणि बोका वारंवार घमेल्यात जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल, पण लघवी होत नसेल, तर त्याला रागावत बसू नका. त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या.

तुमच्या घरी मांजर असेल तर एक प्रयोग करा. एका घमेल्यात वाळू, दुसऱ्यात लाकडाचा भुसा भरून शेजारी ठेवा. ते कोठे किती वेळा गेले, याची आठ दिवस वहीत नोंद करा. मांजराला बोलता येत नसले तरी त्याला काय हवे, हे त्या वहीत तुम्हाला वाचता येईल. मग पोते शोधण्याची वेळ येणार नाही.