सहा चाकांवरून चार चाकांवर
लेखमाला : मुळशीच्या मालाची वाट – भाग ५

टाटाच्या चारशे सात ट्रकच्या हौद्यात तांदळाचे पंचवीस किलोचे नव्वद कट्टे जातात. भात झोडून-भरडून झालं की कोळवण खोऱ्यातल्या किंवा पौडच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला तेवढा हौदा लागतोही. पण इंद्रायणी तांदळाचा सगळा माल आता एका खेपेत मार्केट यार्डात उतरत नाही. बराचसा कोथरूड, बावधन, हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये घरपोच जातो. आज वीस कट्टे, परवा तीस. हंगामाचे काही आठवडे भरून जाणारी गाडी उरलेलं वर्षभर पाऊण रिकामी धावते. तिचा हप्ता मात्र दर महिन्याला पूर्ण भरावा लागतो.

मागच्या भागात भाड्याचा दर कसा ठरतो ते आलं. त्याला लागूनच येणारा प्रश्न असा, की मोठी गाडी विकून लहान घ्यावी का? मुळशीत हा प्रश्न घरात बोलला जातो, चारचौघांत कमी. त्याचं कारण पुढे येईल.

आधी लोखंडाचा हिशोब. चारशे सात रिकामी असते तेव्हाच दोन टनांहून जड असते. टाटा एस, म्हणजे सगळ्यांचा ‘छोटा हत्ती’, रिकामा असताना टनाच्या आत. दोन्ही गाड्यांवर वीस कट्टे, म्हणजे पाचशे किलो तांदूळ चढवला, तर पहिली गाडी मालाच्या चौपटीहून जास्त स्वतःचंच वजन पिरंगुटचा घाट चढवून नेते आणि परत आणते. डिझेल त्या वजनालाही लागतं, आणि परतीच्या रिकाम्या फेरीत तर फक्त त्यालाच लागतं. शिवाय मागे जोडचाकं असल्यामुळे रस्त्यावर सहा टायर आणि वर स्टेपनी. छोट्या हत्तीला बारा इंची रिमचे चार टायर पुरतात. टायर बदलायची वेळ आली की हा फरक पाकिटाला लगेच कळतो.

दुसरा फरक कागदावर दिसत नाही, सोसायटीच्या गेटवर दिसतो. मूळ छोटा हत्ती साधारण ४.३ मीटर त्रिज्येत वळतो. बावधनच्या एखाद्या गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या असतात, तिथे तो एका दमात वळून उभा राहतो. फाळका पाडला की हौद्याची कड कमरेच्या खालीच येते, त्यामुळे चालक एकटा कट्टे उतरवू शकतो. चारशे सातचा हौदा कमरेच्या वर. तिथे वर एक, खाली एक अशी दोन माणसं लागतात. रोज दुसऱ्या माणसाची मजुरी द्यायची, तर वीस कट्ट्यांच्या फेरीत उरतं तरी काय?

या दोन्ही गाड्या मुळशीच्या शेजारच्याच. चारशे सात १९८६ साली आली. छोटा हत्ती मे २००५ मध्ये आला आणि सुरुवातीला पिंपरीच्या कारखान्यातच तयार होत होता. पुढे त्याचं उत्पादन उत्तराखंडातल्या पंतनगरला गेलं. किंमत होती सव्वादोन लाखांच्या आसपास. त्याचं दोन सिलिंडरचं ७०२ सीसी डिझेल इंजिन म्हणजे टाटाच्याच इंडिका कारच्या १४०५ सीसी इंजिनाचं जवळजवळ अर्धं. ताकद फक्त १६ अश्वशक्ती. प्रकल्पाचं नेतृत्व गिरीश वाघ यांच्याकडे होतं; नॅनोचा प्रकल्पही नंतर त्यांनीच सांभाळला. आरेखनाला हात घालण्याआधी त्यांच्या चमूने तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांना गाठून विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यावर एकाने दिलेलं उत्तर वाघ यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं आहे. चारचाकी असती तर गावात लग्नासाठी चांगलं स्थळ मिळालं असतं, असं त्याचं म्हणणं होतं.

वीस वर्षांपूर्वी ज्या गाडीने पत वाढली, तीच गाडी आज घेतली तर पत उतरेल, अशी धास्ती मुळशीत आहे. माणसं गप्प राहतात ती यामुळे. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं याच तालुक्यातली. जमिनीला सोन्याचा भाव आला तसं दारात उभ्या असलेल्या गाडीवरून माणूस जोखला जाऊ लागला. जमीन गेल्यावर घरांचं काय होतं हे प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ मध्ये पडद्यावर आणलं. सहाचाकी विकून छोटा हत्ती आणला की भावकीत पहिला प्रश्न येतो, “काय रे, अडचण आहे का?” या प्रश्नाच्या भीतीने कितीतरी जण परवडत नसलेली गाडी ओढत राहतात. हे थांबायला हवं. अर्ध्या रिकाम्या गाडीचा हप्ता भावकी भरत नाही.

कायदाही लहान गाडीच्या बाजूने झुकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. चारशे सात या रेषेच्या पलीकडे आहे, १.७ टनी बोलेरो पिकअपही पलीकडेच. छोटा हत्ती आरामात अलीकडे. लायसन्समुळे मात्र फरक पडत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे दोन्ही गाड्यांना एकच लायसन्स चालतं.

खरेदीच्या बाजूनेही दिवस बरे आहेत. जून २०२५ मध्ये आलेल्या टाटा एस प्रोची किंमत ३.९९ लाखांपासून जाहीर झाली, पासिंग ७५० किलोचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.

मात्र सरसकट सगळ्यांनी लहान गाडी घ्यावी, असं नाही. ७५० किलो म्हणजे पाण्याचे वीस लिटरचे पस्तीस जार, किंवा तीस कट्टे तांदूळ. विटा मात्र जेमतेम अडीचशे. ज्याचं भाडं विटा, सिमेंट, फरशी यांवर चालतं, त्याने छोट्या हत्तीच्या वाटेला जाऊ नये. ताम्हिणी घाटातून माणगावकडून आंब्याच्या पेट्या आणणाऱ्यानेही नाही. मुळशीच्या पावसात, भरल्या गाडीने तो चढ चढताना लहान इंजिन दमतं आणि मागे गाड्यांची रांग लागते. अशांसाठी मधली पायरी आहे. अशोक लेलँडचा दोस्त २०११ मध्ये आला, टाटाची इन्ट्रा २०१९ मध्ये. त्यांची टन-सव्वा टन माल घेणारी रूपं तीन टनांच्या रेषेच्या आत बसतात, म्हणजे परमिट नाही आणि घाटात दमछाकही कमी. मुळशीतल्या बहुतेक शेतकरी-मालकांना हीच पायरी सोयीची पडेल.

बाहेरच्या जगातही हाच प्रश्न आहे. अमेरिकेत फोर्डने २०११ मध्ये लहान पिकअप रेंजर बंद केली, कारण मोठ्या एफ-१५० पुढे तिची मागणी घटली होती. २०१९ मध्ये रेंजर परत आणावी लागली, आणि २०२१ मध्ये तिच्याहूनही लहान मॅव्हरिक आली. जपानने तर आकारावर कायद्याचीच मर्यादा घातली आहे. तिथला केई ट्रक लांबीला ३.४ मीटर, रुंदीला १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी आणि भार ३५० किलो, यापुढे जात नाही. जपानी भातशेतकरी याच गाडीवर शेती करतो. गाडी लहान असल्यामुळे त्याचा कमीपणा मानला जात नाही.

गाडी लहान केली की मनातला भारही लहान करावा लागतो. इथे बरेच जण घसरतात. पाटे वाढवून घ्यायचे, हौद्याला वर जाळी लावायची आणि पाऊण टनाच्या गाडीत दीड टन कोंबायचा. वाचवलेलं सगळं मग ब्रेक, पाटे आणि क्लचमध्ये जातं. पकडलं गेलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, आणि जास्तीचा माल रस्त्यावरच उतरवावा लागतो. बारा महिन्यांतल्या दोन मोठ्या खेपांसाठी सहाचाकी भाड्याने बोलवावी. ती पौडला किंवा पिरंगुटला फोनवर मिळते.

जुनी गाडी विकताना घाई नको. चारशे सातला जुन्या बाजारात अजून गिऱ्हाईक आहे, पण आठ वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. तो थकलेला असेल तर खरेदीदार तेवढी रक्कम किमतीतून कापून घेतो. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ वर वित्तसंस्थेची सही घेऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवावा. मग फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री करावी. नुसत्या स्टॅम्प पेपरवर गाडी देऊन मोकळं होण्याची पद्धत गावोगाव आहे. उद्या त्या गाडीला अपघात झाला तर नुकसानभरपाईच्या दाव्यात आरसीवरचं नाव पाहिलं जातं.