रक्तदाबाची गोळी आणि रक्तातील साखर

‘प्रेशरच्या गोळीने साखर वाढते असे ऐकले, म्हणून वडिलांची गोळी बंद केली,’ असे सांगणारे नातेवाईक मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार भेटतात. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही, आणि म्हणूनच ती अधिक घातक ठरते.

लघवीवाटे क्षार व पाणी बाहेर टाकणारी थायझाइड गटातील औषधे (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन) पोटॅशियमही बाहेर टाकतात. पोटॅशियम घटले की स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवते व साखर थोडी चढते. मात्रा अल्प ठेवून पोटॅशियमवर लक्ष ठेवल्यास हा परिणाम बहुधा किरकोळ राहतो. जोडगोळीच्या नावाअखेरीस ‘एच’ हे अक्षर असल्यास तीत अनेकदा हेच औषध असते, याची रुग्णाला कल्पनाही नसते.

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही बीटा-ब्लॉकर औषधेही साखर किंचित वाढवू शकतात. त्याच गटातील कार्व्हेडिलॉल मात्र याला अपवाद आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात मेटोप्रोलॉल घेणाऱ्या मधुमेहींची एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर, ०.१५ने वाढली, कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांची वाढली नाही. बीटा-ब्लॉकरबाबत कुटुंबीयांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साखर एकाएकी उतरली असता होणारी धडधड व हातांची थरथर ही औषधे झाकून टाकतात. घाम मात्र येतो. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला अवचित घाम फुटला, तर प्रथम साखर तपासावी.

अ‍ॅम्लोडिपिनचा साखरेवर विशेष परिणाम होत नाही. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधे साखर वाढवीत नाहीत. शिवाय लघवीतून प्रथिने जात असल्यास ती मूत्रपिंडाचे रक्षण करतात.

मग साखर वाढविणारी औषधे टाकूनच का देऊ नयेत? याचे उत्तर ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या दीर्घ अभ्यासात सापडते. प्रकार दोनचा मधुमेह व उच्च रक्तदाब असलेल्या १,१४८ रुग्णांचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाचा रक्तदाब सरासरी १४४/८२ राहिला, दुसऱ्याचा १५४/८७. वरचा आकडा अवघा दहाने कमी. पण त्या गटात मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी व पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटले. रक्तदाब काटेकोर ठेवलेल्यांपैकी काहींना कॅप्टोप्रिल, काहींना अटेनोलॉल दिले होते. पहिल्या चार वर्षांत अटेनोलॉल घेणाऱ्यांची एचबीए१सी सरासरी ७.५ होती, कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांची ७.०, त्यांचे वजनही अधिक वाढले. तरीही गुंतागुंती टाळण्यात दोन्ही औषधे सारखीच उपयुक्त ठरली. साखरेतील ती वाढ मधुमेहाच्या औषधाने सांभाळता येते. पक्षाघाताने लुळा पडलेला हात पूर्ववत होईलच असे नाही. शिवाय यांतील बरीचशी औषधे जुनी व स्वस्त असल्याने गरीब रुग्णालाही ती परवडतात.

औषध बदलायचे की नाही, हे रुग्णाचे हृदय, मूत्रपिंड व वय पाहून डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. त्यासाठी तपासणीस येताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. ‘पांढरी छोटी गोळी’ या वर्णनावरून काहीच कळत नाही. नवी गोळी सुरू झाल्यावर साखर वाढल्यास तारखेसह नोंद ठेवावी. गोळी परस्पर थांबवू नये. हृदयविकाराच्या रुग्णाने बीटा-ब्लॉकर एकदम बंद केल्यास छातीत दुखू लागते, प्रसंगी हृदयविकाराचा झटकाही येतो.