वीस सेकंदांचे गणित

मुलांनो, वेग, अंतर आणि काळ यांची उदाहरणे पाहिली की पुष्कळांना वाटते, ही गणिते केवळ परीक्षेपुरतीच असावीत. परंतु मोठ्या संकटात हेच गणित माणसाच्या उपयोगी पडते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे ढिगाऱ्यांखाली मृत्युमुखी पडली. अशा वेळी पहिला प्रश्न हा की, भूकंप नेमका कोठे झाला? उद्ध्वस्त गावाकडून निरोप येईलच असे नाही. मग मदत कोणीकडे धाडावी, हे दूरच्या वेधशाळेतील शास्त्रज्ञाला कसे कळावे?

भूकंप होताच खडकांतून दोन प्रकारच्या लहरी एकाच क्षणी निघतात. प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते. दुय्यम लहर सुमारे ३.५ किलोमीटर. भूकंपमापक यंत्र दोहोंची नोंद करते. समजा, पहिलीनंतर दुसरी २० सेकंदांनी पोहोचली. भूकंप केव्हा झाला हे ठाऊक नाही आणि किती दूर झाला हेही ठाऊक नाही. हाती आहेत ते फक्त दोन वेग आणि वीस सेकंद!

अशा उदाहरणात दोहोंमध्ये समान काय आहे, हे आधी शोधावे. येथे वेग निराळे, काळ निराळा. पण दोन्ही लहरींनी तोडलेले अंतर मात्र एकच आहे. समान गोष्ट सापडली की समीकरण मांडता येते. पहिल्या लहरीस क्ष सेकंद लागले असे मानू. म्हणजे दुसरीस क्ष + २० सेकंद लागले. वेगाला काळाने गुणले की अंतर मिळते. म्हणून,

६ क्ष = ३.५ (क्ष + २०)
६ क्ष = ३.५ क्ष + ७०
२.५ क्ष = ७०
क्ष = २८

पण येथेच थांबू नये. क्ष हा काळ आहे. आपल्याला हवे आहे ते अंतर. ६ × २८ = १६८ किलोमीटर. आता ताळा पाहू : दुसऱ्या लहरीस ४८ सेकंद लागले आणि ३.५ × ४८ = १६८. उत्तर बरोबर आहे.

अंतर कळले, तरी दिशा कळली नाही. म्हणून नकाशावर वेधशाळेभोवती १६८ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढतात. आणखी दोन वेधशाळांभोवतीही त्यांच्या त्यांच्या अंतराची वर्तुळे काढतात. तिन्ही वर्तुळे जेथे एकमेकांना मिळतात, तेथे भूकंपाचे स्थान असते.

जपानात तर २००७ सालापासून पहिल्या लहरीची नोंद होताच लोकांना इशारा दिला जातो. दुसरी, अधिक हादरविणारी लहर येण्यापूर्वी मिळालेल्या काही सेकंदांत मुले बाकाखाली आश्रय घेऊ शकतात.

तेव्हा उदाहरण वाचताना आकड्यांची घाई करू नका. काय दिले आहे, काय विचारले आहे आणि समान काय आहे, हे शांतपणे पाहा. पुढची वाट समीकरण दाखवील.